पोपटी पट्टी

"हात वर कर. अजून वर. आता त्या टोकाला जा. सुटला! रंग सुटला परत," सुभाष मेस्त्री लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

स्टेजवर स्वप्नील उभा होता. तो सुभाषचा कॅमेरामन, आठ वर्षांपासून सोबत. त्याच्या शर्टाच्या बाहीला पोपटी मखमलीचा एक तुकडा टाचणीने लावला होता आणि तो हात वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता.

"दादा, मला माझ्या कॅमेऱ्याकडे जाऊ द्या. हे काम वहिनींचं आहे."

"वहिनी नटतायत तुझ्या. साडेतीनला ये म्हटलं होतं, आता सव्वाचार झाले. लग्न हिचंच आहे असं वाटतंय."

लाइट लावणारे दोघे हसले. सुभाषही हसला.

भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या त्या हॉलमध्ये संध्याकाळी दिशा नावाच्या मुलीचं संगीत होतं. तिच्या आईला, रीमाबेनना, कुठल्याशा लग्नात पाहिलेलं हवं होतं. मुलगी नाचणार आणि मागच्या मोठ्या एलईडी पडद्यावर तिचा हात जिथे जाईल तिथे फुलं बरसणार. ते काम सुभाष करून देत असे. मीरा-भाईंदरमध्ये असं काम करणारे तीन-चारच जण होते.

त्यात जादू काही नव्हती. कंप्युटरला माणूस कळत नाही, रंग कळतो. कॅमेऱ्याच्या चित्रात एका रंगावर बोट ठेवून सांगायचं, हा धर. मग तो त्या रंगाच्या मागे धावतो आणि फुलं त्याच्या मागे धावतात. फक्त तो रंग चित्रात दुसरीकडे कुठे असता कामा नये. म्हणून नाचणारीच्या मनगटाला एक मखमली पट्टी बांधायची, दुसऱ्या कोणाच्याही अंगावर नसेल अशा रंगाची.

तो रंग ठरवायची सुचेता, त्याची बायको. ती घरी साड्यांना पिको-फॉल करायची. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी ती पार्टीच्या घरी फोन लावायची आणि एकेकीला विचारायची, तुम्ही काय नेसणार? मावशी काय नेसणार? सासूबाई? बायका तिच्याशी तास-तासभर बोलायच्या. ती सगळे रंग डायरीत लिहायची आणि उरलेल्या रंगाची पट्टी शिवायची. दिशाच्या संगीताला पोपटी उरला होता. पट्टी घरी होती, इलॅस्टिक लावायचं बाकी होतं. ती घेऊन सुचेता येणार होती आणि नेहमीसारखी स्टेजवर चालून दाखवणार होती.

"टॉलरन्स चौदा," सुभाष बोलला. धरलेल्या रंगात किती फरक चालवून घ्यायचा, तो हा आकडा. सुभाष आकडे कधी लिहीत नसे. सेटिंग सुरू केलं की लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू करायचा आणि जमलेला आकडा मोठ्याने बोलून ठेवायचा. कधी अडलं तर मागचं रेकॉर्डिंग ऐकायचा. "चौदाला टोकावर सुटतोय. सोळा करतो."

त्याचा फोन स्टेजच्या डाव्या बाजूला स्टँडवर लावलेला होता. तो दुसरा कॅमेरा होता, आणि म्हणून फ्लाइट मोडवर होता. एकदा भर बारशात कर्जवाल्या कंपनीचा फोन येऊन पडद्यावरचं चित्र गेलं होतं. तेव्हापासून त्याचा तो नियमच होता.

हॉलचा मॅनेजर प्रीतम ऑफिसमधून लगबगीने आला.

"मेस्त्री, तुमच्या बिल्डिंगमधून लँडलाइनवर फोन आलाय. मनोरमाकाकू म्हणून कोणी आहेत. तुमचा फोन लागत नाही म्हणतात. वहिनींना बरं नाहीये, लगेच या, एवढं सांगून ठेवला त्यांनी."

"काय झालंय?"

"चक्कर आली. खाली जिन्यात बसल्यात."

"बीपीची गोळी चुकवली असणार. दर महिन्याचं आहे." सुभाषची नजर पडद्यावरच होती. "दहा मिनिटांत निघतो."

"दादा, तुम्ही जा. मी बघतो इकडे," स्वप्नील स्टेजवरून म्हणाला.

"तुला कळतं का यातलं? मागच्या वेळी वाट लावलीस ती विसरलास? हात वर ठेव."

रीमाबेन केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत तिथेच उभ्या होत्या. "मेस्त्रीभाई, ऐन टाइम पे छोड़ के मत जाना हां. दिशाने छह महीना प्रॅक्टिस किया है."

"नहीं नहीं, दस मिनिट का काम है."

तेवढ्यात लाइटवाल्यांनी हॉलचे पिवळे दिवे लावले. पिवळ्या उजेडात पोपटीचा पोपटी राहिला नाही. सगळं परत पहिल्यापासून करणं आलं. सुभाषने दिवाबत्तीवरून दोन शिव्या हासडल्या, कॅमेरा पुन्हा त्या उजेडावर बसवला, रंग पुन्हा उचलला. स्वप्नील चालत राहिला. प्रीतम दुसऱ्यांदा येऊन गेला. रिक्षात घालून दवाखान्यात नेतायत, एवढाच निरोप टाकून काकूंनी फोन ठेवला म्हणाला. सुभाष म्हणाला, "निघालोच."

पाचला दोन मिनिटं कमी असताना रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही सुटला नाही.

"एकोणीस," सुभाष बोलला. "जमलं. एक नंबर."

रिक्षात बसल्यावर त्याने फोनचा फ्लाइट मोड काढला. मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक आले. सुचेता, सुचेता, सुचेता. सहा वेळा. पहिला तीन पंचवीसला, शेवटचा तीन बावन्नला. त्यापुढचे मनोरमाकाकूंचे. त्याने सुचेताला फोन लावला. काकूंनी उचलला.

"तू ये," त्या म्हणाल्या. "ये तू आधी."

दवाखान्याच्या दारातच त्या उभ्या होत्या. साठीच्या बाई, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून आलेल्या.

"गेली रे, सुभाष."

"कधी?"

"पाच वाजले होते. थोडा वेळ शुद्धीवर होती. मला म्हणाली, ते आले का? फोन का उचलला नाहीस रे? सहा वेळा लावला तिने, जिन्यात बसल्या बसल्या."

"फ्लाइट मोडवर होता," सुभाष म्हणाला.

इंद्रलोकपासून तिथे यायला त्याला अठरा मिनिटं लागली होती. सव्वाचारला उठला असता तर पावणेपाचच्या आत आला असता. हा हिशेब त्याने तिथेच, दारात उभ्या उभ्या केला, आणि नंतर तो त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही.

नर्सने एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली आणि यादीवर सही मागितली. मंगळसूत्र एक. बांगड्या चार. घड्याळ एक. मग तिने पिशवीतून पोपटी पट्टी बाहेर काढली. इलॅस्टिक लावून पुरी झाली होती. विसरायला नको म्हणून सुचेताने ती मनगटालाच घातली असणार. सुई टोचायला म्हणून ती कोणीतरी कात्रीने कापून काढली होती.

"हे काय आहे? काय लिहू?"

"पट्टी."

"कसली पट्टी?"

"कामाची," सुभाष म्हणाला. नर्सने 'कापडी पट्टी एक' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी संगीत झालं. दिशाच्या मनगटाला स्वप्नीलच्या बाहीवरचा तुकडा बांधला होता. रंग शेवटपर्यंत सुटला नाही, फुलं बरसत राहिली. रीमाबेननी दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषला त्याचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, सुपर वर्क मेस्त्रीभाई. सुचेता गेल्याचं त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

क्षितिजा पुण्याहून आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी, तिथे एका कंपनीत नोकरी करत होती. तिने पहिल्याच दिवशी आईचा फोन हातात घेतला आणि लावलेले कॉल पाहिले.

"सहा वेळा, बाबा."

"फ्लाइट मोडवर होता गं. फोन कॅमेऱ्याला लावलेला असतो, तुला माहितीये ना?"

"माहितीये."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलायला सोपं गेलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगत गेला आणि प्रत्येक जण म्हणत गेला, तुझा काय दोष, तुझं कामच तसं. बाराव्या दिवसापर्यंत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं की शेजारच्या बायका ते सुभाषच्या आधी बोलू लागल्या. सव्वाचारचा निरोप मनोरमाकाकूंनी दिला होता, पण त्यांना वाटत होतं, तो हॉलवाल्याने पोचवलाच नाही. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मी फोन केला हो, पण तो मॅनेजर मेला, सांगेल तर शपथ!" प्रीतम पाठीमागे शिव्या खात होता. सुभाष ऐकत होता आणि चहाचे कप उचलत होता.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि फोटो नव्हता.

घरात लोखंडी कपाट भरून हार्ड डिस्क होत्या. बावीस वर्षांची लग्नं, बारशी, वाढदिवस. पाली गावातल्या कोळ्यांच्या हळदी होत्या, शांतीनगरातल्या गुजराती लोकांची संगीतं होती. त्यात सुचेताचा एक धड फोटो नव्हता. ती कायम स्टेजच्या कडेला, पट्टी आणि सुईदोरा घेऊन. क्षितिजाने तीन दिवस शोधलं. शेवटी नातेवाइकांच्या लग्नातला एक ग्रुप फोटो मिळाला. फोटोवाल्याने त्यातून चेहरा मोठा करून दिला. खांद्यावर कोणाचा तरी हात आला होता, तो काढता आला नाही. फ्रेममध्ये सुचेता हसत होती आणि तिच्या खांद्यावर चार परकी बोटं होती.

"बाबा," हार घालून झाल्यावर क्षितिजा म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या बायका शूट केल्यास तू."

सुभाष हारातून खाली पडलेली फुलं गोळा करू लागला.

विसाव्या दिवशी त्याला कामावर जावं लागलं. वरसावेजवळच्या एका लॉनवर साखरपुडा होता, तारीख आधीच दिलेली. रंग विचारायला त्याने स्वतः फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय, बायका काय नेसणार ते?" त्याने काम समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी फोन नवऱ्याकडे दिला. नवरा म्हणाला, "अहो, नेसतील काहीतरी." सुभाषने दवाखान्यातून आणलेली पोपटी पट्टीच कापलेल्या जागी शिवली. आडवीतिडवी शिवण आली.

साड्यांत पोपटी कोणी नव्हतं. पण मुलगी नाचत असताना एक वेटर ट्रेमध्ये हिरव्या चटणीच्या वाट्या घेऊन स्टेजसमोरून गेला. कंप्युटरने मुलीला सोडलं आणि चटणी धरली. पडद्यावरची फुलं वेटरच्या मागे निघाली. तो थांबला की थांबायची, वळला की वळायची. लोक पोट धरून हसले, मोबाइल बाहेर निघाले. वेटरला वाटलं आपल्यालाच हसतात, तो घाबरून पळाला आणि सगळी फुलं त्याच्या मागे पळाली. मुलगी नाच सोडून रडत आत गेली.

मुलीचा बाप सुभाषच्या टेबलाशी आला. चार माणसांत त्याने सुभाषची लाज काढली. सुभाषने हात जोडले. तो माणूस गेल्यावर सुभाषला कोणावर तरी ओरडायचं होतं, आणि समोर स्वप्नील होता.

"तुला दिसत नव्हता वेटर? कॅमेरा का नाही कापलास? फुकटचा उभा राहतोस नुसता!"

स्वप्नीलने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"वहिनी असत्या तर त्यांनी चटणीसुद्धा विचारली असती, दादा. आणि मला बोलू नका. त्या दिवशी मी म्हटलं होतं तुम्हाला, जा म्हणून."

इतकंच बोलून तो केबल गुंडाळायला लागला. घरी परतताना टेम्पोत दोघं शेजारी बसून आले, आणि स्वप्नीलने तो विषय पुन्हा काढला नाही. सुभाषला त्याची भीती वाटू लागली. सुचेता गेल्यापासून त्याला भीती अशी वाटली नव्हती.

त्याला वाटत होतं, हे क्षितिजाच्या कानावर जाईल. बाकी जगाने ऐकलं तरी चालण्यासारखं होतं. पण आता घरी फोन करणारी, जेवलास का विचारणारी ती एकटीच उरली होती.

महिना झाल्यावर क्षितिजा दोन दिवसांसाठी आली. सुभाष टेबलाशी बसून जुन्या सेटिंगचे आकडे ऐकत होता. त्याच्या मागे उभी राहून तिने विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

"कुठला?"

"मागे ने थोडं."

लॅपटॉपच्या पडद्यावर काळोख होता आणि त्या काळोखात एक पांढरा ठिपका चालत होता. रंग नीट लागला की नाही हे पाहायला कंप्युटर तसं चित्र दाखवतो. धरलेला रंग तेवढा पांढरा, बाकी सगळं काळं. माणूस, स्टेज, खुर्च्या, काही दिसत नाही. सुभाष तेवढंच रेकॉर्ड करायचा. त्याच्यावर त्याचा आवाज होता: टॉलरन्स बारा. आणि लांबून, स्टेजवरून, सुचेताचा.

"अहो, आता कुठे जाऊ?"

क्षितिजा खाली बसली.

"थांब तिथेच," रेकॉर्डिंगमधला सुभाष म्हणत होता. "हात वर."

"किती वेळ वर? भाकरी थापून थापून आधीच खांदा दुखतोय माझा."

"तेरा. तेराला जमतंय. आता गिरकी घे."

"गिरकी! या वयात! स्वप्नील, बघ रे तुझे दादा काय सांगतायत." आणि ठिपका खरंच एकदा गोल फिरला. मागून हसणं ऐकू आलं.

क्षितिजा हसली आणि रडली. "हा ठिपका म्हणजे आई?"

"मनगटाची पट्टी आहे."

"म्हणजे आईच." तिने बोट पडद्यावर ठेवलं आणि ठिपक्यासोबत चालवलं. "किती आहेत अशा?"

एकशे चाळीसच्या वर होत्या, सात वर्षांच्या. दोघांनी त्या दुपारी अकरा पाहिल्या. एकीत सुचेता स्टेजवरून म्हणत होती, येताना कोथिंबीर आणा. एकीत ती काहीच बोलत नव्हती, नुसती चपलांची फटफट होती. एकीत भांडण होतं. सुभाष तिला ढ म्हणाला होता आणि ठिपका मध्येच खाली गेला होता. तिने हात खाली सोडला होता.

"मला सगळ्या दे," क्षितिजा म्हणाली. "एकही गाळू नकोस. भांडणाचीसुद्धा."

तिने बॅगेतून पेनड्राइव्ह काढला आणि स्वतःच फाइल निवडू लागली. सगळ्यांवर तारखा होत्या. शेवटच्या फाइलवर तिचं बोट थांबलं.

"ही तर त्या दिवशीची आहे."

"त्यात ती नाही," सुभाष घाईने म्हणाला. "ती आलीच नाही ना. स्वप्नील चालतोय त्यात."

"त्रेचाळीस मिनिटं?"

"दिवे बदलले मध्येच. परत करावं लागलं सगळं."

क्षितिजा त्या फाइलकडे बघत राहिली. त्या काळ्या चित्रावर प्रीतमचा आवाज होता. दहा मिनिटांत निघतो, होतं. निघालोच, होतं. आणि सगळ्यात शेवटी, सुचेताचा जीव जात असताना, त्याच्या स्वतःच्या आवाजात, जमलं, एक नंबर.

"असू दे, तीही दे," क्षितिजा म्हणाली. "तू तिची वाट बघत असशील ना त्यात. किती वाजले, कुठे राहिली ही, असं म्हणत असशील. मला ते ऐकायचंय."

"ती फाइल खराब आहे. उघडत नाही."

"बघू?"

"पुढच्या वेळी नीट करून देतो," सुभाष म्हणाला आणि उठून चहा टाकायला गेला.

क्षितिजा बाकीच्या फाइल घेऊन पुण्याला गेली. आता दर रविवारी तिचा फोन येतो. जेवण, गुडघे, कामवाली हे सगळं बोलून झालं की ती विचारते, "बाबा, ती फाइल नीट झाली?" सुभाष म्हणतो, "बघतो गं." खोडायची म्हटली तर दोन सेकंदांचं काम आहे. एकदा त्याने बोट ठेवलंही होतं, पण सुचेताबद्दल आलेला शेवटचा निरोप त्या फाइलशिवाय कुठेच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. स्वप्नील अजून कामावर येतो. मनोरमाकाकू अजून प्रीतमला शिव्या देतात. फ्रेममधली चार बोटं आहेत तशीच आहेत.

फाइल सुभाषने खोडलेली नाही. क्षितिजाला दिलेली नाही. आणि सव्वाचारला निरोप मिळाला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.